माझ्या नावाची दुसरी

फादर म्हणाले, "मोनिका, तू देवीतून उठलीस. चार ओळी लिही. ज्यांच्या घरात आजार आहे त्यांना धीर येईल."

मी तिसरीच्या मुलांना मराठी शिकवते, त्यामुळे चार ओळी लिहिणं काही अवघड नाही. अवघड आहे ते धीर देणं. माझ्या आजाराची हकिकत ऐकून कुणाला धीर येईल असं मला वाटत नाही. तरी लिहिते. देवी टोचणारा माणूस दारात आला तर त्याला परत पाठवू नका, एवढं तरी कुणाच्या उपयोगी पडेल. बाकीचं मला सांगून टाकायचं आहे म्हणून सांगते.

पेज

आमचं गावठाण अंधेरीत, स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर. मागे भाताची शेतं, मधे क्रूस, आणि क्रूसाभोवती आमची ख्रिस्ती घरं. म्युनिसिपालटीने आम्हाला मुंबईत घेतलं तशी मुंबईची बेघर माणसंही आमच्याकडे यायला लागली. कुणी तबेल्याच्या भिंतीला पाठ लावून राहायचं, कुणी दारूबंदीत बंद पडलेल्या ताडीच्या दुकानाच्या ओट्यावर. चर्चच्या आम्ही बायकांनी त्यांच्यासाठी मंडळ काढलं. दर रविवारी मिस्सा झाली की चर्चच्या आवारात पंगत बसायची. गरम पेज, सुक्या बोंबलाची चटणी, आणि असले तर जुने कपडे.

मंडळाचा नियम एकच, आणि तो मी काटेकोर पाळून घ्यायचे. पंगतीत बसलेल्याला नाव-गाव विचारायचं नाही. पहिल्या रविवारी एक बाई वही घेऊन नावं लिहायला बसली तर अर्धी पंगत उठून गेली होती. कुणाला पोलिसांची भीती, कुणाला मागे सोडून आलेल्या नवऱ्याची. तेव्हा मी म्हटलं, "भुकेल्याला नाव नसतं." बायकांना ते फार आवडलं. मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

पंगतीच्या टोकाला एक बाई बसायची. माझ्याच वयाची, पंचविशीतली, उंच आणि हाडकुळी. पेज पिऊन झाली की जर्मनचा वाडगा स्वतः घासायची आणि मग दुसऱ्यांचेही ओढून घ्यायची. "राहू दे गं, आम्ही आहोत," असं मी म्हटलं की म्हणायची, "असू दे. हात रिकामेच आहेत." वर्षभर मी तिला वाढलं, आणि आमचं बोलणं एवढंच.

त्या वर्षी थंडी संपता संपता देवी टोचणारा माणूस पेटी घेऊन आला. "बाई, सगळे एका जागी बसलेत ते बरं झालं. अर्ध्या तासात उरकतो. फक्त नावं सांगा."

"नावं आम्ही विचारत नाही."

"अहो, रजिस्टरात काय लिहू मग?"

"काही लिहू नका. तुम्ही नावं विचारलीत तर पुढच्या रविवारी यातलं एक माणूस जेवायला येणार नाही. त्यांना उपाशी ठेवायचंय का तुम्हाला?"

तो बिचारा वैतागून पेटी उचलून निघाला. जाताना म्हणाला, "तुम्ही तरी टोचून घ्या." मी घेतलं नाही. महिन्याभरात माझा साखरपुडा होता, आणि दंडावर फोड मिरवत मला बसायचं नव्हतं. पंगतीतली माणसं माझ्याकडे बघून हसत होती. ती टोकाची बाईही हसली. मला जिंकल्यासारखं वाटलं.

लाल लुगडं

मुलगा गोराईचा होता. त्याची माणसं होडीने खाडी ओलांडून आली. मायने माझ्यासाठी लाल लुगडं घेतलं होतं, ते नेसून मी बसले होते आणि माझी कंबर अशी धरली होती की धड वाकता येईना. डोकं फुटत होतं. माय म्हणाली, दगदग झाली. दोन दिवस मी तेच लुगडं अंगाशी घेऊन तापात पडून होते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि कपाळावर, मनगटावर पुळ्या दिसल्या. माय म्हणाली, उष्णतेच्या.

शेजारच्या खोलीत सावित्रीकाकू राहायच्या, मालवणकडच्या, आमच्याच भाडेकरू. त्या ताक घेऊन आल्या, उंबऱ्यातच थबकल्या, वाटी खाली ठेवली आणि माझ्या दिशेने हात जोडले.

"ह्ये उष्णतेचे न्हय गो," त्या मायला म्हणाल्या. "ह्ये देवी आसत."

मी ख्रिस्ती, आणि ती बाई माझ्या तोंडाला नमस्कार करत होती. त्या क्षणी मला कळलं की मी आता मोनिका राहिलेली नाही, दुसरंच काहीतरी झालेय. त्यानंतर डॉक्टर आला, त्याने दारातूनच बघून चिठ्ठी लिहिली, पण माझं निदान झालं ते त्या जोडलेल्या हातांनी.

दुपारी म्युनिसिपालटीची गाडी आली. लोक लांब उभे होते, माझ्या शाळेतली मुलंसुद्धा. गाडीतल्या माणसांनी माझी गादी, चादरी, उशी शेतात नेऊन जाळली. "तिचे कपडेही द्या," ते मायला म्हणाले. "कपड्यांनीही लागण होते." मायने दिले. लाल लुगडं मात्र तिने तांदळाच्या कणगीमागे दडवलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गाडीचं दार लावताना माझा भाऊ पास्कू म्हणाला, "घाबरू नको हां, मी रोज येतो." त्याचा आवाज बारीक झाला होता. एरवी तो वर्कशॉपमधून आला की सगळ्या आळीला कळायचं.

इस्पितळ

साथीच्या इस्पितळात भेटीगाठी नाहीत. पास्कू रोज फाटकापर्यंत यायचा आणि आयाच्या हाती निरोप द्यायचा. आयाचं नाव गंगूबाई. लहानपणी देवी येऊन गेल्यामुळे तिचं तोंड चाळणीसारखं होतं, आणि म्हणूनच ती कुणाच्याही जवळ निर्धास्त जाऊ शकायची.

पहाटे जांभळ्या पाण्याने पुसायचं. मग कांजी, मग डॉक्टर, मग नुसतं पडून राहायचं. आठव्या दिवशी डोळे सुजून मिटले ते पाच दिवस उघडले नाहीत. खाजवू नये म्हणून हात फडक्याने कॉटला बांधलेले. अंगाला येणारा वास माझाच आहे हे कळायला मला बराच वेळ लागला. मरणाची भीती नव्हती एवढी, पण आंधळी होऊन जगायची होती. मी मोठ्याने रडायचे तेव्हा गंगूबाई दटावायची, "डोळ्यांतून पाणी येतंय ना? मग डोळे आहेत. गप बस." कडुलिंबाच्या डहाळीने ती माझे तळपाय हळूहळू खाजवायची. तेवढ्या सुखावर मी एकेक दुपार काढली. तुमच्या घरी कुणाला देवी आल्या असतील तर त्यांचे तळपाय विसरू नका.

डोळे उघडले तेव्हा आधी खिडकीतला उजेड दिसला, मग गंगूबाईचं तोंड. मला ते फार सुंदर वाटलं.

पलीकडची खोली

खपल्या धरलेले आम्ही एका खोलीत आणि नवे आलेले पलीकडच्या खोलीत. मधे भिंत, भिंतीत दार. तिसरा आठवडा संपत आला होता. मला आता भिंत धरून चालता यायचं. गंगूबाई एकदा जेवणाची थाळी घेऊन आली ती हसतच.

"काय गं, तू मोनिका परेरा ना? तुझ्या नावाची दुसरी आलीय पलीकडे. अंधेरीचीच. तुझी कुणी लागते काय?"

आमच्या लोकांत परेरा घरटी आणि मोनिका आळीत दोन-तीन. मी म्हटलं, असेल कुणीतरी. त्या संध्याकाळी माझ्या नावाच्या त्या बाईसाठी मी रोझरीही म्हटली.

दोन दिवसांनी, ऐन दुपारी, गंगूबाई परत आली. या वेळी हसत नव्हती.

"जरा पलीकडे येतेस? तिला भारी आल्यात. बोलत नाही, नुसतं बघते. फाटकावर तिचं कुणी येत नाही. सारखे हात हलवते, काहीतरी घासल्यासारखे. तुझ्याच धर्माची आहे, दोन मिनिटं बस जवळ. तुला आता काही होत नाही."

मी उठले. दारापर्यंत गेले. आतून वास आला, तोच, माझ्याच अंगाचा होता तो. आणि मला वाटलं, आत जाऊन बघितलं तर त्या कॉटवर मीच असेन. चार पावलांचं अंतर होतं. मी गंगूबाईला म्हटलं, "मला चक्कर येतेय," आणि मागे फिरले. चक्कर येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

त्याच्या पुढच्या सकाळी फाटकाशी आरडाओरडा ऐकू आला. पास्कू पहारेकऱ्याला ढकलत आत येत होता. इस्पितळाचं कार्ड घरी पोचलं होतं, मोनिका परेरा वारली म्हणून. मी खिडकीशी गेले. त्याने मला पाहिलं आणि खाली मातीत बसला. मग हसायला लागला. रडत होता आणि हसत होता. "माय घरात छाती पिटतेय," तो म्हणाला, "आणि तू इथे उभी आहेस, गधडे!" मीसुद्धा हसले. आम्ही दोघं भावंडं किती वेळ हसलो आणि त्या वेळी ती आत चादरीखाली होती.

पास्कूला ओळख पटवायला नेलं. परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. "कुणी दुसरीच आहे," एवढंच बोलला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

घर

पाचव्या आठवड्यात मला घरी सोडलं. घरातला आरसा मायने काढून ठेवला होता. मी सावित्रीकाकूंच्या खोलीत जाऊन त्यांच्या आरशात बघितलं. जे दिसलं ते दिसलं. गोराईहून निरोप आला की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. मला वाईट वाटलं, पण मनाशी म्हटलं, होडीचा एक प्रवास वाचला.

मला सतावत होतं ते वेगळंच. पंगतीच्या टोकाची जागा रिकामी होती. मी मायला विचारलं, ती उंच बाई कुठे गेली? माय चुलीत फुंकत राहिली. पास्कू जेवता जेवता उठून गेला. मंडळाच्या बायका म्हणाल्या, ही माणसं आज इथे, उद्या तिथे.

शेवटी सावित्रीकाकू बोलल्या. वाईट मनाने नाही. त्यांना वाटलं मला माहीत आहे. "तुज्या आवशीन तुजा लुगडा तिका नेसवल्यान, तुज्या नावान हाक मारल्यान. ह्यो उतारोच झालो गो. तुजा दुखणा तिच्यार गेला, म्हणान तू उठलंस."

उतारा म्हणजे काय ते आम्हालाही माहीत आहे. आजाऱ्यावरून नारळ-लिंबू ओवाळायचं, त्याच्या अंगावरचा कपडा घ्यायचा आणि तिठ्यावर नेऊन ठेवायचं. जो ओलांडेल त्याच्यावर आजार जातो. आम्ही ख्रिस्ती लोक असलं काही करत नाही, असं मी शाळेत दर वर्षी मुलांना सांगते.

घरी येऊन मी मायसमोर बसले. "सांग."

"नवस केला होता," माय म्हणाली. "तुझ्या आजोबांच्या दुखण्यातही आपण केला होता. तुझ्या वयाची गरीब बाई तुझ्या जागेवर बसवायची, तुझं नेसलेलं वस्त्र तिला नेसवायचं, तुझ्या नावाने हाक मारून नऊ दिवस जेवू घालायचं. देवाला वाटावं मोनिका घरातच आहे, जेवतेय. पुण्याचंच काम ना? भुकेलीला जेवण, उघडीला वस्त्र. तुझं मंडळ दुसरं काय करतं?"

"कुठलं लुगडं?"

"लाल."

"ते दडवलं होतंस?"

"साखरपुड्याचं लुगडं जाळायला देऊ?"

"माय, ते लोक बोलले होते ना, कपड्यांनी लागण होते म्हणून?"

"उन्हात घातलं होतं मी." मग चुलीकडे वळून म्हणाली, "एक दिवस."

मायने पदराने चुलीची राख पुसली, आधीच पुसलेली.

"आणि देवाला म्हटलं," ती म्हणाली, "एकीला न्यायचंच असेल तर..." पुढचं बोलायची गरज नव्हती. मी आईवर ओरडले. जन्मात ओरडले नव्हते तशी ओरडले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "तू ओरडतेस ना? ओरड. तुझा आवाज ऐकायला मिळाला, मला बास."

पास्कूकडून उरलेलं कळलं. ती बाई तबेल्याच्या भिंतीशी तापात पडलेली सापडली. म्युनिसिपालटीच्या माणसाने नाव विचारलं, आणि तिने स्वतःच सांगितलं, मोनिका परेरा. का सांगितलं असेल? तापात भ्रमली होती, की हे नाव सांगितलं तर नीट बघतील असं तिला वाटलं, की नऊ दिवस पाटावर बसवून, भरलं ताट पुढे ठेवून ज्या नावाने हाक मारली तेच आता आपलं असं तिने धरलं? मला माहीत नाही. मी सगळी उत्तरं करून पाहिली आहेत. पास्कू इस्पितळात म्हणाला, "ही माझी बहीण नाही." कारकुनाने विचारलं, "मग कोण?" पास्कूला सांगता येईना. कारकून म्हणाला, मग आहे ते राहू दे. तिला तिकडेच कुठल्या तरी कबरस्तानात पुरलं. पास्कू थांबला नाही.

मी तिला शोधायला निघाले, म्हणजे तिच्या नावाला. तबेल्यातल्या भय्यांना विचारलं, ताडीच्या दुकानाच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं, एकेका रविवारी सगळ्या पंगतीला विचारलं. लोक म्हणायचे, ती होय, वाडगे घासणारी? चांगली होती. नाव कुणालाच माहीत नव्हतं. एका म्हातारीने मला सुनावलं, "तूच तर सांगायचीस, भुकेल्याला नाव नसतं. आता काय झालं?"

टोचणाऱ्याला मी हाकललं नसतं तर ती आज पंगतीत बसली असती. मायचं लुगडं, माझा नियम आणि ती न चाललेली चार पावलं, यातलं जड कुठलं हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. फादर म्हणतात, देव ठरवेल. ठरवू दे. मी मात्र वर्गात हजेरी घेताना कधी कधी पुढच्या नावाशी अडते, आणि मुलं बघत राहतात. कुणी मला मागून "मोनिका" म्हणून हाक मारली तर मी लगेच वळत नाही. दुसरी कुणी वळते का ते बघते.

आता मंडळात मी वाढताना नाव विचारते. पहिल्या रविवारी सात जण उठून गेले. त्यांतले चार पुन्हा आले. एक जण म्हणाला, "नाव सांगितलं तर पेज घट्ट मिळते काय?" मी म्हटलं, मिळते. त्याने खोटंच सांगितलं असेल. तरी मी त्याला त्याच नावाने हाक मारते. टोचणाऱ्यालाही आता मीच निरोप धाडते, आणि पहिला दंड माझा पुढे करते, माझ्या दंडाला आता त्याचा उपयोग नाही तरी.

मेलेल्यांची यादी

नोव्हेंबरात मृतांचा दिवस असतो. प्रत्येक घर आपल्या गेलेल्यांची नावं चिठ्ठीवर लिहून देतं, फादर ती वेदीजवळ उभे राहून वाचतात, आणि प्रत्येक नावाला सगळे म्हणतात, देवा, ह्याला शांती दे, हिला शांती दे. आमची चिठ्ठी मी लिहिते. आजोबा, आजी, बाबा. त्या वर्षी खाली "एक गरीब बाई" असं लिहिलं आणि खोडलं. आम्ही तिला वर्षभर तेवढंच म्हटलं होतं. मग तिने स्वतः सांगितलेलं जे एकमेव नाव होतं ते लिहिलं.

फादर तिथे थांबले. चष्म्यावरून त्यांनी मला शोधलं. मी मान हलवली.

"मोनिका परेरा," त्यांनी वाचलं.

चर्चमध्ये कुजबुज झाली. माझ्या वर्गातली एक मुलगी वळून माझ्याकडे बघायला लागली. मग एकेकाने म्हटलं, हिला शांती दे. माय माझ्या शेजारी गुडघ्यांवर होती. ती काही बोलली नाही. फादर पुढे गेले, दुसऱ्या घरची नावं सुरू झाली, आणि मधेच, भलत्याच कुणाच्या नावावर, माय एकटी मोठ्याने म्हणाली, "हिला शांती दे." तिने माझं मनगट धरलं होतं. वळ उठला होता.

तेव्हापासून दर वर्षी आमच्या चिठ्ठीत ते नाव असतं. लोकांना आता सवय झाली आहे. पास्कू चेष्टेत म्हणतो, "तू मरशील तेव्हा माझं काम वाचलं, नाव आधीच आहे यादीत."

मी त्याला सांगून ठेवलंय, तेव्हा दोनदा लिही.